देवळामागची खोली

आमच्या घराला रविवारी घर म्हणायची सोय नव्हती. शनिवारी दुपारपासूनच माय आवराआवर सुरू करायची. वाकळा गुंडाळून कणगीवर टाकायच्या, चुलीपुढचं सरपण परसात न्यायचं, भांड्यांची उतरंड जुन्या लुगड्याच्या पडद्याआड करायची. भिंतीवरचा आरसाही ती उतरवून पालथा ठेवायची, कारण प्रार्थनेला आलेल्या बायका आरशात बघत रिकाम्या कपाळावरून हात फिरवत बसतात, असं तिचं म्हणणं होतं. नवा धर्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती आणि कुंकवाची सवय इतक्या लवकर जात नाही. रविवारी सकाळी सात घरची माणसं आमच्या एका खोलीत आणि पुढच्या ओसरीत दाटीवाटीनं बसली, की दुपारपर्यंत ते देऊळ असायचं. आमच्याकडे ख्रिस्ती माणसंही देऊळच म्हणत, चर्च हा शब्द पुढं शहरातून आला. उपासना संपली की माय सगळ्यांना गुळाचा काळा चहा द्यायची. माणसं उठून गेली, आरसा परत खिळ्याला लागला, की मगच मला आपण घरी आलो असं वाटायचं.

तामलवाडीपासून पाऊण तास चाललं की आमचं गाव. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाशी. वस्तीत सकाळ उजाडायची ती दगडावर छिन्नी पडल्याच्या आवाजानं, कारण माझे वडील, अण्णा, गवंडी होते. रविवारी मात्र छिन्नी बंद असायची आणि दारातल्या लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा वाजायचा. तीच आमची घंटा. लोखंडी खिळ्यानं तीनदा, मग थांबून तीनदा, असा तो ठोकायचा. तो ठोकायचं काम माझं होतं. पेटी वाजवणं माझं, शास्त्र वाचणं माझं, ओसरी सारवणं माझं, लहान पोरांची रविवारची शब्बाथ शाळा घेणंही माझंच. माझ्यापेक्षा मोठ्या पोरी वस्तीत होत्या, त्या आरामात दहा वाजता वेणी घालून यायच्या. मलाच सगळं का, ते आता सांगते.

अण्णांचं नाव लिंबाजी. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. पंचक्रोशीत त्यांच्याएवढं उंच माणूस नव्हतं, त्यामुळं लोकांच्या घरात शिरताना ते नेहमी वाकून शिरायचे आणि स्वतःच्या घराचं दार मात्र त्यांनी चांगलं उंच केलं होतं. बोलणं मोजकं. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडला की दोरी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे, तसंच कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायच्या आधी उभे राहायचे. तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्याच्या कुंपणाची भिंत बांधायला ते वर्षभर गेले होते आणि येताना थापीबरोबर पवित्र शास्त्र घेऊन आले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेजारपाजारच्या सहा घरांना त्यांनी काय सांगितलं आणि कसं पटवलं ते देवालाच ठाऊक, पण दोन उन्हाळ्यांत सात घरांनी बाप्तिस्मा घेतला आणि आमची ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, धाराशिवला राहायचे, तेव्हा आम्ही उस्मानाबाद म्हणायचो. ते महिन्यातून एकदा एसटीनं येत. बाकीच्या रविवारी अण्णाच प्रार्थना चालवत.

अण्णांनी धर्म का बदलला, असं विचारलं तर ते म्हणायचे, बोलावणं आलं. मायला विचारलं तर ती म्हणायची, आत्यामुळं. मला मायचं खरं वाटतं. अण्णांची थोरली बहीण म्हणजे ठकूआत्या. अण्णांच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. अण्णा जन्मले तेव्हा आजीनं खंडोबाला नवस बोलला, की हा पोरगा जगू दे, थोरली पोरगी तुला वाहते. पोरगा जगला. तो सात वर्षांचा झाला तेव्हा बारा वर्षांच्या आत्याला भंडाऱ्यानं पिवळी करून नेलं आणि ती मुरळी झाली. देवाशी लग्न लागलेली बाई. पुढं गावोगाव जागरणात नाचली, गायली, तिचं घर कधी झालं नाही. आपला श्वास बहिणीच्या आयुष्यावर चालला आहे, हे अण्णांना कळायला लागल्यापासून कधी विसरता आलं नाही. ज्याला माणूस द्यावं लागत नाही असा देव त्यांना पाहिजे होता, असं माय म्हणायची. तो त्यांना दवाखान्याच्या कुंपणापाशी भेटला.

आणि त्याच माणसानं मला वाहिलं.

मी सहा वर्षांची होते. मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी माणसं ओळखत नव्हते म्हणतात. तिसऱ्या रविवारी भरल्या प्रार्थनेत अण्णा उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, की पोरगी जगली तर ती तुझी, तुझ्या देवळाची. सात घरांनी आमेन म्हटलं. माझा ताप उतरला. आता बोललेलं पुरं करायचं, पण नव्या धर्मात ते कसं करतात हे कुणालाच माहीत नव्हतं आणि पाळकसाहेब यायला अजून तीन आठवडे होते. तेवढं थांबायला कुणाला धीर नव्हता, देव वाट बघतो आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मग त्यांनी आपल्याला जसं येत होतं तसं केलं. नारळ गाळला, भंडारा गाळला, डफ गाळला. बाकी सगळं तसंच ठेवलं. मला न्हाऊमाखू घालून नवा पिवळा झगा घातला, पाटावर बसवलं, सात घरच्या कर्त्या माणसांनी एकेक करून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अण्णांनी माझा हात धरून राहीबाईच्या हातात दिला, कारण मंडळीत वयानं तीच सगळ्यांत मोठी होती. "आता ही आमची न्हाय, मंडळीची," असं अण्णा म्हणाले. मला ते आठवतं. झगा खांद्याला टोचत होता आणि मला भूक लागली होती.

या सगळ्या भोळ्या माणसांवर मी आयुष्यभर चिडत आले आहे, पण आज एक कबूल करते, त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. ते मला थोर करत होते. राहीबाईला एका डोळ्यानं दिसायचं नाही आणि दुसऱ्यानं दिसलं तरी वाचता यायचं नाही. मी लगोरी खेळत असले, की ती काठी टेकत यायची आणि माझं मनगट धरून मला शास्त्र वाचायला घेऊन जायची. मी हात ओढला तर म्हणायची, अगं तू मंडळीची हायस. ती रागानं म्हणत नसे, फार मायेनं म्हणायची. तिच्या घरी लसणाची चटणी आणि शिळी भाकरी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे, आणि वाचता वाचता माझे पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे तेही आठवतं. शाळेची सहल नळदुर्गच्या किल्ल्यावर निघाली, तर वस्तीतल्या सगळ्या पोरी गेल्या. मी नाही, कारण त्या दिवशी रविवार. वस्तीतल्या कुठल्याही लग्नात पोरी नाचल्या की बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी खाली बसायची. बांगड्या भरायला कासार आला तर माझ्या हाताचं माप घेण्याआधी माय राहीबाईकडे बघायची. पाळकसाहेबांच्या बाईंकडे महिनाभर राहून मी पेटी शिकून आले. पेटीच्या भात्याला भोक होतं, ते मी औषधाच्या चिकटपट्टीनं बुजवलं होतं. तेवढा एक महिना मी कुणाची नव्हते, नुसती शिकत होते. तो महिना मला फार बरा गेला.

पाळकसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं का? अर्धवट. "कृपाला सेवेला दिली आहे" एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि पाळक लोकांना हे वाक्य रोज ऐकायची सवय असते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून छान, छान म्हटलं होतं.

मी नववीत असताना देवळाची इमारत सुरू झाली. वस्तीला लागून थोडी जागा मिळाली होती. बांधकामाची पद्धत अण्णांनीच ठरवली. प्रत्येक घरानं शनिवारी ओढ्यातून दगड आणायचे आणि प्रत्येकाचा दगड कुठं बसला हे अण्णा त्याला बोलावून दाखवणार. त्यामुळं उपासनेत आजही म्हातारी माणसं आपापल्या दगडाशेजारी बसतात. अण्णा दिवसभर लोकांची घरं बांधायचे आणि उतरत्या उन्हात देवळाच्या कामाला यायचे. चुन्याचा वास, ओल्या मातीचा वास, मायनं डोक्यावरून आणलेलं पिठलं आणि भाकरी, कामावरच्या माणसांची हसणी. खरं तर ते दिवस आनंदाचे होते. मीही पाट्या वाहिल्या. माझ्या मनात एकच हिशेब चाललेला असायचा, की देऊळ एकदा उभं राहिलं की आमचं घर घर होईल आणि माझी सुटका होईल.

मॅट्रिकची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात अण्णांनी एकदा मला कामावर हाक मारली. देवळाच्या मागच्या भिंतीपाशी एक लाकडी खांब उभा होता. त्याला पाठ लावून ताठ उभी राहा म्हणाले. मी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर चार बोटं आडवी धरली, त्यावर कोळशानं खांबावर रेघ मारली आणि जा म्हणाले. कशाला, असं मी विचारलं. "लागतंय," एवढंच बोलले. गवंड्याच्या पोरीला असली मापं देण्यात काही नवल नसतं. मी पाट्या उचलायला निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात माझा दाखला, माझे गुण आणि शाळेतल्या बाईंचं पत्र असं सगळं जोडून मी एक अर्ज पाठवला होता. लांबच्या जिल्ह्यात मिशनच्या एका दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती. अर्जाचं शाळेतल्या बाईंना आणि मला दोघींनाच माहीत होतं. मला नर्स का व्हायचं होतं? मोठं काही मनात होतं असं आता रंगवून सांगायला हरकत नाही, पण खरं कारण असं, की तिथं वसतिगृह होतं आणि तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. जून लागता लागता पत्र आलं. माझी निवड झाली होती. देवळाचं समर्पण, म्हणजे उद्घाटनाची उपासना, ठरली होती, त्यानंतर पाचव्या दिवशी हजर व्हायचं होतं.

मी ते पत्र हातात घेऊन पळत देवळात गेले. अण्णा आत एकटेच होते, हसत होते. असे ते क्वचित हसत. माझ्या हातात काय आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. "ये, तुला दाखवायचं हाय," म्हणाले आणि मला मागं घेऊन गेले. देवळाच्या पाठीला एक खोली काढलेली होती. मला वाटायचं ती चटया आणि कंदील ठेवायला आहे. अण्णा दारात वाकले, जवळजवळ दुमडलेच, आणि आत गेले. मी त्यांच्या मागून सरळ चालत गेले.

दहा फूट लांब, आठ फूट रुंद. भिंतीतच घेतलेली दगडी फळी, माझा हात सहज पोचेल अशा उंचीवर. दिव्याचा कोनाडा. शास्त्र ठेवायला दुसरा कोनाडा. खिडकीखाली बसायला दगडी कट्टा, त्याची कड हातानं घासून गोल केलेली. खिडकी रस्त्याच्या बाजूला ठेवली होती, बसल्या जागेवरून तामलवाडीकडे जाणारी एसटी दिसावी म्हणून. "ही तुझी," अण्णा म्हणाले. "हितंच राहायचं. कुनाच्या घरी नांदायची कटकट न्हाय, की कुनाचं ऐकून घ्यायचं न्हाय." इतक्या प्रेमानं बांधलेली खोली मी नंतर कुठंच पाहिली नाही. आणि मला त्या खोलीत श्वास घेता येईना. फळी माझ्या हाताची, दार माझ्या डोक्याचं, सगळं माझं माप घेऊन बांधलेलं होतं, आणि त्यात मी मरेपर्यंत बसायचं होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. अण्णा ओळंबा धरल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, बोललेलं माघारी घेता येत नाही. तू जगलीस ना? मग. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते. मायला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली, परत थापायला लागली आणि म्हणाली, "मला कुनी इचारलं हुतं का तवा?" राहीबाईनं तर माझे गाल कुरवाळले. म्हातारपणी तुला शास्त्र वाचून दाखवायला कोण येईल याची तू काळजी करू नको म्हणाली, म्हणजे माझी म्हातारपणची सोयसुद्धा तिनं लावून ठेवली होती.

उरले पाळकसाहेब. समर्पणाच्या तयारीला ते आदल्या आठवड्यात आले होते. परत जाताना एसटीची वाट बघत फाट्यावर थांबले असताना मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं, पिवळा झगा, पाट, राहीबाईच्या हातात दिलेला हात, खोली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसला. आपल्यात असं काही नसतं, हे चूक झालं, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग हे अण्णांना सांगा, मी म्हणाले. पाळकसाहेब रस्त्याकडे बघत राहिले. "कृपा, ही मंडळी तुझ्या वडिलांच्या शब्दावर उभी आहे," ते म्हणाले. "त्यांचा एक शब्द खोटा ठरवला, तर लोक विचारतील, बाकीचे कशावरून खरे?" तेवढ्यात गाडी आली. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली. ते चांगले गृहस्थ होते, पुढं माझ्या लग्नातही त्यांनीच आशीर्वाद दिला. पण त्या दिवशी फाट्यावर मी मनात जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

समर्पणाच्या दिवशी देवळाला पताका लागल्या. परसात दालचा शिजत होता, मटणाचा आणि चिंचेचा वास ओढ्यापर्यंत जात होता. रुळाचा तुकडा आमच्या लिंबावरून उतरवून देवळापुढच्या खांबाला टांगला होता आणि मी तो वाजवला. तीनदा, मग थांबून तीनदा. अण्णांनी ठकूआत्याला बोलावलं होतं. धर्म बदलला तरी बहिणीला सोडलं नव्हतं. दर कार्याला ते स्वतः जाऊन तिला सांगून येत आणि लुगडं नेसवून पाठवत. आत्या तेव्हा साठीला आली होती. गुडघे गेले होते, जागरणं सुटली होती, पण कपाळावर भंडारा होताच. बाहेर जोत्यावरच ती बसली. आत ये, असं तिला सगळे म्हणाले, पण मनातून तिनं बाहेरच बसावं असंही सगळ्यांना वाटत होतं, आणि तिला ते कळत होतं. मी पेटी वाजवत होते आणि दारातून तिची पाठ दिसत होती. गाण्याच्या ठेक्यावर तिची मान हलत होती, अगदी बिनचूक.

उपासना झाली, पंगती बसायच्या होत्या. अण्णा आत्याचा हात धरून तिला देऊळ दाखवायला निघाले. मी, माय, राहीबाई मागोमाग होतो. पाळकसाहेबही आले. कुणाचा दगड कुठला, अण्णा सांगत होते, आत्या हं हं करत होती. शेवटी ते मागच्या खोलीपाशी आले. "आन् ही किरपाची," अण्णा म्हणाले. आत्या आत गेली. ती ठेंगणी, तिला वाकावं लागलं नाही. तिनं फळीवरून हात फिरवला, कोनाड्यात बोटं घालून बघितली, कट्ट्यावर बसून खिडकीतून रस्ता बघितला. मग माझ्याकडे बघून अण्णांना म्हणाली, "हिला इचारलंस?"

"अक्का, हे तसं न्हाय," अण्णा म्हणाले.

"कसं न्हाय? तिथं डफ वाजतोय, हितं पेटी वाजती."

राहीबाई पुढं झाली आणि हळूच म्हणाली, की देवापुढं बोललेला शब्द आहे बाई, तो मोडता येत नाही. आत्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती अण्णांकडेच बघत होती. तिचा आवाज चढला नाही, रोजच्या बोलण्यातला होता.

"मला नेलं तवा तू माझा पदर धरून उंबऱ्यात लोळला हुतास, लिंबा. तुझा हात सोडवाया दोन मानसं लागली. म्या जलमभर तेच ध्यानात ठिवलं, की आपल्यापायी एक तरी जीव रडला. हिच्यापायी कोन रडलं, सांग."

अण्णा दाराबाहेर उभे होते, आत आले नव्हते. त्यांनी चौकटीवरच्या दगडाला हात धरला. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. माझ्या शेजारी माय उभी होती, तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि ती तोंडात पदर कोंबून परसाकडे गेली. मी रडले नाही. इतकी वर्षं मीच माझ्यासाठी रडले नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याची लाज वाटली. अण्णा पंगतीत बसले नाहीत. लोकांना वाढत राहिले. आत्या दोन घास खाऊन दुपारच्या गाडीनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा उजाडलं होतं आणि छिन्नीचा आवाज नव्हता. ओसरीत अण्णांची वाकळ नव्हती, खुंटीवरची पिशवी नव्हती, पितळी तांब्या नव्हता. माय चुलीपुढं बसली होती. "तुझा बाप देवळामागं ऱ्हायला गेला," ती म्हणाली. मी धावत गेले. अण्णा कट्ट्यावर बसले होते. गुडघे पोटाशी येत होते, कारण कट्टा माझ्या मापाचा होता.

"म्या एक मानूस कबूल केलं हुतं," ते म्हणाले. "एक मानूस हितं ऱ्हाईल. तू जा."

मी गेले. चौथ्या दिवशी गेले. गाडी देवळावरून जाताना खिडकीत अण्णा दिसले, त्यांनी हात हलवला नाही. मी शिकले, नर्स झाले, लग्न केलं, धाराशिवला माझ्या हातून किती बाळंतपणं झाली त्याची गणती नाही. अण्णा त्या खोलीत राहिले. दिवसा गवंडीकाम, जेवायला घरी, आणि झोपायला खोलीत. रविवारी घंटा तेच वाजवायचे, देऊळ झाडायचे. पेटी येत नव्हती, तर गाण्याच्या वेळी टाळ्यांचा ठेका धरायचे. शास्त्र वाचायला त्यांनी शाळेतल्या एका पोरीला लावलं, पण तिला आधी विचारून, असं माय मला मुद्दाम सांगायची. माय घरी एकटी पडली. तिनं अण्णांना कधी बोल लावला नाही आणि मलाही नाही, पण तिच्या स्वयंपाकातलं मीठ तेव्हापासून कमीजास्त व्हायला लागलं ते शेवटपर्यंत.

नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा रजा काढून आले, तेव्हा अण्णांच्या कपाळावर जखम दिसली. जुनी, बरी होत आलेली, तिच्यावर नवी. दारात वाकायचं ते कधी कधी विसरायचे आणि वरच्या दगडाला कपाळ आपटायचं. मी माझ्या पिशवीतून कापूस आणि औषध काढलं आणि त्यांना कट्ट्यावर बसवून जखम धुतली. मला राग आला होता. तो राग कुणावर होता हे तेव्हा सांगता आलं नसतं. पंचक्रोशीत तुमच्यासारखा गवंडी नाही, मी म्हणाले, वरचा दगड काढून दार हातभर उंच करायला तुम्हाला अर्धा दिवस लागायचा नाही. असं किती दिवस डोकं फोडून घेणार?

अण्णा ओळंबा धरल्यासारखे थांबले. मी पट्टी बांधली.

"माप तुझं हाय," मग म्हणाले. "मी नुस्ता तुझ्या जागेला बसलोय."

मी सुटले असं सगळे म्हणतात. नातवंडांना मीही तसंच सांगते. पण ज्या दिवशी ते वाक्य ऐकलं त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक रात्रपाळीला, माझ्या लग्नाला, माझ्या प्रत्येक हसण्याला त्या खोलीत कुणीतरी वाकून शिरत होतं. याला सुटका म्हणतात का, हे मला आज सत्तरी ओलांडली तरी ठरवता आलेलं नाही. अण्णा गेले तेव्हा त्यांना मीच आंघोळ घातली. कपाळाच्या मधोमध त्वचा घट्ट होऊन आडवी रेघ उमटली होती. खांबावर कोळशानं मारली होती, तशीच.

आता देऊळ मोठं झालं आहे, पत्रे जाऊन स्लॅब पडला आहे, लाऊडस्पीकर आहे. मागच्या वर्षी नव्या पाळकांनी मला फोन केला. तरुण आहेत, उंच आहेत. मागची खोली त्यांना शब्बाथ शाळेसाठी हवी आहे, फक्त दार फार खाली आहे, ते वर घेतलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मला विचारलं, याचंच मला बरं वाटलं. मी म्हणाले, येऊन बघते आणि सांगते.

गेले. सगळे बाहेर थांबले होते. दारात उभी राहिले आणि अण्णांसारखा डोक्यावर हात आडवा धरला. तेव्हा चार बोटं होती. आता माझी पाठ वाकली आहे, सहा बोटं मोकळी राहतात. मी सरळ आत गेले, कट्ट्यावर बसले, एक एसटी जाईपर्यंत रस्ता बघितला आणि सरळ बाहेर आले. मग त्यांना सांगितलं, पोरांना त्या दारातून ये-जा करायला काही अडचण नाही, दार आहे तसं राहू द्या. मोठ्यांनी वाकावं.